खेळणाऱ्या शरीराचा हिशेब

2022 च्या मार्चमध्ये चेन्नई सुपर किंग्जचा संघ सरावासाठी सुरतेत आला. त्या वर्षीचे आयपीएलचे साखळी सामने मुंबई-पुण्यात व्हायचे होते, म्हणून तयारीसाठी लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियम निवडले गेले, आणि संघाची बस यायच्या-जायच्या वेळी धोनीची एक झलक मिळावी म्हणून रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसांची रीघ लागली. त्याच वर्षी जुलैत, गुजरातेतच, मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात पोलिसांनी दुसरीच एक आयपीएल उघडकीस आणली. शेतात मैदान आखलेले, हॅलोजनचे दिवे लावलेले, कॅमेरे रोखलेले. गावातल्या शेतमजुरांना आणि बेकार पोरांना सामन्यामागे 400 रुपये देऊन चेन्नई, मुंबई आणि गुजरातच्या जर्सी घालून उभे केले होते. पंच वॉकीटॉकीवर आलेल्या हुकमाप्रमाणे हात वर करी, हर्षा भोगले यांच्या आवाजाची नक्कल करणारा एक जण समालोचन करी आणि दूर रशियातली माणसे टेलिग्रामवरून या सामन्यांवर पैसे लावीत. बातमी देशभर चवीने वाचली गेली, लोक पोट धरून हसले. टोळी कोणाची, पैसा कुठून आला, कॅमेरे किती, सगळ्याची चौकशी झाली. पण दिवसाला मिळेल ती मजुरी करणाऱ्या ज्या पोरांनी आपले शरीर खेळाडूचे म्हणून भाड्याने दिले, त्यांच्याविषयी फार कोणी विचारले नाही. मैदानातल्या शरीराचा मालक कोण, त्याची किंमत कोण ठरवतो आणि ते मोडले तर भरपाई कोणी करायची, हे प्रश्न आपल्याकडे खेळाच्या बोलण्यात येतच नाहीत. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलवरचे काही चित्रपट गेली पन्नासएक वर्षे नेमके हेच प्रश्न विचारत आले आहेत. त्या चित्रपटांची ओळख मराठी वाचकाला, आणि त्यातही सुरतेतल्या मराठी वाचकाला, करून देण्यामागचे कारण एवढेच आहे.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नाही. पायाने कमी आणि हाताने जास्त खेळला जाणारा, लांबट चेंडूचा, हेल्मेट आणि खांद्यावरच्या जाड पॅडांचा हा खेळ आपल्याकडे रुजवण्याचा प्रयत्न झाला होता. 2012 मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया सुरू झाली, तीत 'पुणे मराठाज' नावाचा संघही होता, पण ती लीग कोणाच्या लक्षात राहिली नाही. खेळाचे बारीक नियम माहीत नसले तरी हे चित्रपट समजायला अडत नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुरे. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर आला तर तो अपघात, इथे टक्कर हाच खेळ आहे. प्रत्येक डावाची सुरुवात समोरासमोर उभ्या दोन रांगा एकमेकींवर आदळून होते. शंभर-सव्वाशे किलोंची माणसे हे एका सामन्यात कित्येक डझन वेळा करतात, मोसमभर करतात आणि सरावातही करतात. खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाप्रमाणे नॅशनल फुटबॉल लीगमधली, म्हणजे एनएफएलमधली, सरासरी कारकीर्द तीन-सव्वातीन वर्षांची असते. करारातल्या रकमेचा मोठा भाग बहुतेकांना हमीने मिळत नाही. संघाने काढून टाकले की पुढच्या वर्षांचे आकडे कागदावरच राहतात. खेळाडू रोज मैदानात का उतरतो, दुखणे का लपवतो, इंजेक्शनला नाही का म्हणत नाही, याचे उत्तर शौर्याच्या कथांपेक्षा या करारात लवकर सापडते.

या साखळीतला पहिला मोठा चित्रपट म्हणजे टेड कॉचेफ यांचा 1979 चा 'नॉर्थ डॅलस फॉर्टी'. तो पीटर जेंट यांच्या 1973 च्या कादंबरीवर आधारलेला आहे, आणि जेंट स्वतः 1960 च्या दशकात डॅलस काउबॉइज संघाकडून खेळले होते. चित्रपट सुरू होतो तो मैदानावर नाही, बिछान्यात. नायक फिल एलियट, म्हणजे निक नोल्टी, सकाळी जागा होतो. नाकातले रक्त सुकलेले असते. उठायचे म्हटले तर गुडघा वाकत नाही, खांदा वर जात नाही. तो कण्हत, धरत-धरत न्हाणीघरापर्यंत जातो, गोळ्या तोंडात टाकतो, गरम पाण्यात अंग सोडून बसतो आणि आदल्या दिवशीचा एकेक धक्का त्याला आठवत राहतो. कालचा सामना जिंकलेला असतो. विजयानंतरची सकाळ अशी दाखवणारा खेळावरचा दुसरा चित्रपट मला माहीत नाही. खेळाच्या चित्रपटांचा नेहमीचा कळस जिथे असतो तिथून हा पुढे सुरू होतो आणि प्रेक्षकाला विचारायला लावतो की या विजयाची मजुरी नक्की कोणी चुकवली. पुढे एक सहकारी, जो इंजेक्शन घ्यायला आधी तयार नसतो, सगळ्यांच्या दबावापुढे नमतो, दुखऱ्या पायात सुई टोचून घेतो, मैदानात उतरतो आणि तिथेच मोडून पडतो. त्यानंतर खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्यात जी खडाजंगी होते ती या चित्रपटाचा कणा आहे. एक धिप्पाड खेळाडू प्रशिक्षकावर तुटून पडतो. त्याचे म्हणणे असे की आम्ही याला खेळ म्हणालो की तुम्ही म्हणता हा धंदा आहे, आणि आम्ही धंदा म्हणालो की तुम्ही म्हणता हा खेळ आहे. ही भूमिका करणारा जॉन मॅटुझॅक त्या काळी खरोखरच ओकलंड रेडर्सकडून खेळत होता. त्या दृश्यातला संताप लेखकाने जितका लिहिला, तितकाच या माणसाने आणला असावा असे वाटत राहते.

ऑलिव्हर स्टोनचा 1999 चा 'एनी गिव्हन संडे' याहून कितीतरी भपकेबाज आहे. अल पचिनोचे प्रशिक्षकाचे भाषण पुढे कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत दाखवले जाऊ लागले, आणि हा चित्रपट प्रेरणादायी म्हणून ओळखला जाऊ लागला. मला ही त्याची शोकांतिका वाटते. कारण त्याच चित्रपटात जेम्स वुड्सने उभा केलेला संघाचा डॉक्टर आहे, जो खेळाडूंच्या दुखापतींचे गांभीर्य त्यांच्यापासूनच दडवतो. आणि त्यातच ल्यूथर लवे नावाचा बचावपटू आहे, ज्याच्या मानेची दुखापत अशी की आणखी एक धक्का जिवावर बेतू शकतो. तरुण डॉक्टर त्याला हे सांगतो. लवे सगळे ऐकतो आणि तरी खेळतो, जबाबदारी आपलीच असे लिहून देतो, कारण ठरलेला टप्पा गाठला तर त्याला दहा लाख डॉलरचा बोनस मिळणार असतो. शेवटी तो टप्पा गाठतो आणि स्ट्रेचरवरून बाहेर जातो. ही भूमिका लॉरेन्स टेलरने केली आहे, न्यूयॉर्क जायंट्सचा तो नावाजलेला बचावपटू, ज्याच्या 1985 मधल्या एका धडकेत जो थाइसमनचा पाय मोडून त्याची कारकीर्द संपली होती. शरीर मोडणारा आणि शरीर मोडून घेणारा एकाच माणसात दिसावा, हे कास्टिंग म्हणून फार मोठे आहे.

तिसरा चित्रपट मैदानावर जवळजवळ जातच नाही. पीटर लँड्समन यांच्या 2015 च्या 'कन्कशन'चा नायक शवविच्छेदन करणारा डॉक्टर आहे. नायजेरियात जन्मलेले बेनेट ओमालू पिट्सबर्गमध्ये काम करीत असताना 2002 च्या सप्टेंबरात त्यांच्यापुढे माइक वेबस्टर यांचे शव आले. पिट्सबर्ग स्टीलर्सचा हा आधारस्तंभ, सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, चार वेळा जिंकलेला, सतरा मोसम खेळलेला. वयाच्या पन्नाशीत मेला, आणि त्याआधीची वर्षे भ्रमिष्टासारखी, कधी ट्रकमध्ये झोपून काढलेली. मेंदू वरवर पाहता धडधाकट दिसत होता. ओमालूंनी तो जतन केला, पदरच्या पैशाने त्याचे पातळ काप करवून घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसले की डोक्याला वर्षानुवर्षे बसलेल्या धक्क्यांनी मेंदूत एका प्रथिनाच्या गाठी साचल्या आहेत. सीटीई या नावाने हा आजार आता ओळखला जातो. 2005 मध्ये त्यांचा निबंध छापून आला, तेव्हा लीगच्या स्वतःच्या वैद्यकीय समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घेण्याची मागणी केली. ती समिती 1994 मध्ये नेमली गेली होती, आणि तिचे पहिले प्रमुख मेंदूचे तज्ज्ञ नव्हते, सांधेदुखीचे होते. लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने हा खेळ आणि हा आजार यांचा संबंध आहे अशी उघड कबुली दिली ती 2016 च्या मार्चमध्ये, वेबस्टरच्या मृत्यूनंतर साडेतेरा वर्षांनी. दरम्यान 2011 मध्ये डेव्ह ड्युअरसन या माजी खेळाडूने छातीत गोळी झाडून घेतली, आपला मेंदू तपासणीला द्यावा असे सांगून. डोके शाबूत राहावे म्हणून छाती. या एका तपशिलापुढे पटकथाकाराने काय लिहावे?

हे तीन चित्रपट शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. यांतल्या काळोखाला चेहरा नाही. प्रशिक्षक दुष्ट नाही, त्याला त्याची नोकरी टिकवायची आहे. डॉक्टर संघाच्या पगारावर आहे. मालकाला हंगामाचा ताळेबंद दिसतो. खेळाडूला मुलांच्या फीचा हप्ता दिसतो, आणि प्रेक्षकाला रविवार. कोणी एक माणूस बाजूला काढला तरी यंत्र तसेच चालू राहते. माझ्या मते या चित्रपटांचे सगळ्यात मोलाचे देणे हेच आहे: खेळातला अंधार हा खेळाला बाहेरून लागलेला डाग नाही, तो कामाच्या रचनेतच आहे आणि त्याचा माग खेळाडूच्या शरीरावर काढता येतो.

आता आपल्याकडे पाहावे. खेळातल्या काळोखावर हिंदीत चित्रपट झालेच नाहीत असे नाही. कुणाल देशमुख यांचा 'जन्नत' 2008 मध्ये आला, आयपीएलचा पहिला मोसम सुरू झाला त्याच वर्षी. त्याचा नायक सट्टा चालवणारा बुकी. 2016 चा 'अझहर' सामना-निश्चितीच्या आरोपांभोवती फिरतो. 2017 पासूनची 'इनसाइड एज' ही मालिका पॉवरप्ले लीग नावाच्या काल्पनिक स्पर्धेतली घाण दाखवते, आणि तिच्या मुळाशी 'भाईसाहब' नावाचा पडद्याआडचा सूत्रधार ठेवते. सगळ्यांत धागा एकच. कोणीतरी लोभी माणूस शुद्ध खेळात विष कालवतो. तो पकडला, मेला किंवा उघडा पडला की खेळ पुन्हा शुद्ध. 'दंगल'मध्ये तर सत्यकथेवरच्या चित्रपटात अंतिम सामन्याच्या वेळी बापाला खोलीत कोंडणारा प्रशिक्षक पदरचा घालावा लागला, कारण खलनायकाशिवाय आपल्याला काळोख दिसत नाही. तो चित्रपट 2016 चा. 2023 मध्ये देशाच्या नामवंत कुस्तीगीर मुली लैंगिक छळाचे आरोप घेऊन जंतर-मंतरच्या पदपथावर बसल्या, आणि त्यांच्या तक्रारींत कोंडणाऱ्या प्रशिक्षकापेक्षा कितीतरी साधी, रोजची, कार्यालयीन गोष्ट होती: निवड, शिबिर, दौरा आणि उपचार हे सगळे ज्यांच्या हातात, त्यांच्याविरुद्ध बोलायचे कुठे. हे दृश्य त्या चित्रपटात असते, तर तो इतका गाजला असता का, याची मला शंका आहे.

सट्टा आणि निश्चिती हे खोटे प्रश्न आहेत असे मला म्हणायचे नाही. 2013 च्या मे महिन्यात राजस्थान रॉयल्सचे तीन खेळाडू अटकेत गेले. दिल्लीच्या न्यायालयाने 2015 मध्ये त्यांना आरोपमुक्त केले, पण क्रिकेट मंडळाची बंदी राहिली. मुद्गल समिती झाली, लोढा समिती झाली, दोन संघ दोन वर्षे निलंबित झाले. हे सगळे घडले आणि ते महत्त्वाचे आहे. त्याच राजस्थान संघातून, त्याच मोसमात, मुंबईचे प्रवीण तांबे वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी आयपीएलमध्ये उतरले, आणि 2022 मध्ये श्रेयस तळपदेला घेऊन त्यांच्यावर चित्रपट निघाला. या दोन गोष्टी एकाच ड्रेसिंग रूममधल्या, पण आपण एकीवर बातम्या केल्या आणि दुसरीवर चित्रपट. त्या चित्रपटात एक अत्यंत मौल्यवान सामग्री आहे. नोकरी, क्लबचे क्रिकेट, कंपनीच्या संघात टिकून राहण्याची धडपड, वर्षामागून वर्ष हुकणारी निवड. हा भाग काळोखाच्या अगदी उंबरठ्यापर्यंत जातो. मग अखेरचे यश येते आणि मागचे सगळे त्या यशाची किंमत म्हणून मान्य होऊन जाते. मुंबईच्या मैदानांवर त्याच वाटेने चाललेल्या आणि कुठेच न पोचलेल्या शेकडो गोलंदाजांच्या गुडघ्यांचे आणि पाठीचे काय झाले, हा प्रश्न पडद्यावर यायचा राहून जातो.

हे असे का, याचे एक कारण आपल्या कथनाच्या सवयीत आहे आणि दुसरे मालकीत. दुसरे अधिक महत्त्वाचे. एड साबोल यांनी 1962 मध्ये एनएफएलचा अंतिम सामना चित्रित केला आणि त्यांची कंपनी पुढे लीगचीच झाली. संथ गतीने फिरत जाणारा चेंडू, घनगंभीर आवाज, वाफाळणारे श्वास, रणभूमीचे संगीत, हे खेळ पाहण्याचे सगळे व्याकरण लीगने स्वतः घडवले. ज्याच्याकडे चित्र आहे, त्याला काय झाकायचे हे ठरवता येते. म्हणून वरच्या तीनपैकी पहिल्या दोन चित्रपटांत संघांची नावे बनावट आहेत. स्टोनला लीगने सहकार्य नाकारले. 2003 मध्ये ईएसपीएन वाहिनीची, व्यावसायिक फुटबॉलवरची 'प्लेमेकर्स' ही मालिका एका मोसमानंतर बंद झाली. त्या वाहिनीकडे एनएफएलच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क होते आणि लीगची नाराजी जाहीर होती. 2013 मध्ये याच वाहिनीने 'लीग ऑफ डिनायल' या, मेंदूच्या याच आजारावरच्या माहितीपटातून शेवटच्या टप्प्यावर अंग काढून घेतले. 'कन्कशन'च्या निर्मितीवेळचे सोनी कंपनीचे फुटलेले ईमेल 2015 मध्ये छापून आले. लीग दुखावू नये म्हणून काही जागा सौम्य केल्याचे त्यांतून दिसते अशी बातमी होती, आणि दिग्दर्शकाने तो अर्थ फेटाळला. आपल्याकडे हे सगळे इतके ताणले जाण्याची वेळच येत नाही. सामन्यांचे चित्रण मंडळाचे, समालोचकांची यादी मंडळाच्या मर्जीतली. त्या यादीतून 2016 मध्ये हर्षा भोगले आणि 2020 मध्ये संजय मांजरेकर गळले, तेव्हा कारणे सांगण्याची गरजही कोणाला वाटली नाही. खेळाडूंवरचे चित्रपट बहुधा त्या खेळाडूंच्याच परवानगीने आणि सहभागाने निघतात. धोनीवरचा 2016 चा चित्रपट त्यांच्या व्यवस्थापकाच्या कंपनीच्या सहनिर्मितीत झाला आणि 2011 च्या विश्वचषकावर थांबला, म्हणजे 2013 च्या वादळाच्या अलीकडे. यात कट शोधण्याचे कारण नाही. ज्याच्या परवानगीशिवाय फीत मिळत नाही, त्याच्यावर चित्रपट करताना लेखणी आपोआप मऊ होते.

या मांडणीवर आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की या खेळाडूंना अमाप पैसा मिळतो, ते आपल्या खुशीने खेळतात, मग त्यांच्याविषयी इतका कळवळा कशाला. लवे जाणूनबुजून सही करतो, हे खरेच आहे. पण संमती म्हणजे काय हे तपासायला हवे. वेबस्टरने खेळायला होकार दिला तेव्हा त्याला मोडके गुडघे ठाऊक होते, मेंदूत काय साचते आहे ते कोणालाच ठाऊक नव्हते. आणि ज्यांना पुढे कुणकुण लागली, त्यांनी वर्षानुवर्षे नाकारले. माहिती दडवून घेतलेल्या सहीला संमती म्हणणे धंद्याला सोयीचे आहे, न्यायाला नाही. साडेचार हजारांवर माजी खेळाडू न्यायालयात गेले, 2013 मध्ये साडेशहात्तर कोटी डॉलरचा समझोता झाला, पुढे त्यावरची मर्यादाही काढली गेली, पण लीगने दोष कबूल केला नाही. इतकेच नव्हे, भरपाई ठरवताना काळ्या खेळाडूंची बौद्धिक पातळी मुळातच कमी होती असे गृहीत धरण्याची पद्धत वापरात होती, म्हणजे मेंदू तितकाच बिघडला तरी नुकसान कमी भरावे. ही पद्धत मोडीत काढण्याचे लीगने 2021 मध्ये मान्य केले. कोट्यधीश खेळाडूंचे लाड म्हणून हे प्रकरण झटकून टाकणाऱ्याने एवढा एक तपशील पुन्हा वाचावा.

दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे आणि तो मी अधिक गांभीर्याने घेते. 2017 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी तपासलेल्या एनएफएल खेळाडूंच्या 111 मेंदूंपैकी 110 मध्ये सीटीई आढळला. हा आकडा सर्वत्र फिरला. पण ते मेंदू मुद्दाम दान केलेले होते, म्हणजे ज्यांच्या घरच्यांना काहीतरी बिघडल्याचा संशय होता त्यांचे. त्यावरून सगळ्याच खेळाडूंपैकी किती जणांना हा आजार होतो हे सांगता येत नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केला नव्हता. चित्रपटांना असला तपशील पेलत नाही. 'कन्कशन' एकट्या ओमालूंना सत्याचा वाटाड्या करतो, इतर संशोधकांचे काम झाकोळते आणि काही मृत खेळाडूंच्या कुटुंबीयांना त्यातले चित्रण अन्यायाचे वाटले. हे दोष मान्य करायलाच हवेत. तरी जी लीग आधी आजारच नाही म्हणत होती, तिच्यापुढे प्रमाण नेमके किती हा वाद उभा राहणे, हीच केवढी मोठी मजल आहे.

तिसरा आक्षेप या चित्रपटांच्या हेतूवर आहे. 'एनी गिव्हन संडे'मध्ये टकरींचा आवाज वाढवून, कॅमेरा हेल्मेटच्या आत घुसवून स्टोन जे करतो, त्यात हिंसेचा निषेध किती आणि चव किती? मला वाटते चव बरीच आहे. प्रेक्षक डॉक्टरवर संतापतो आणि त्याच वेळी पुढच्या धडकेची वाट पाहतो. हा दोष मी झाकत नाही. पण 'नॉर्थ डॅलस फॉर्टी' या सापळ्यात जवळजवळ अडकत नाही, कारण त्याने टक्कर कमी दाखवली आणि टकरीनंतरची सकाळ जास्त. त्याच्या अखेरीस मालकांनी खाजगी गुप्तहेर लावून गोळा केलेला अहवाल एलियटपुढे वाचला जातो, गांजा ओढल्याचे निमित्त पुढे करून त्याला निलंबित केले जाते आणि तो सोडून निघतो. सामना हरला म्हणून कोणी रडत नाही. एक कामगार कामावरून काढला जातो, इतकेच.

चौथा प्रश्न आपल्या वाचकाचा: आपल्याकडे असला टकरीचा खेळ नाही, मग हे आपल्याला काय लागू? क्रिकेटला शरीर लागत नाही असे वाटणाऱ्याने नरी कॉन्ट्रॅक्टर यांचे नाव आठवावे. गोध्र्यात जन्मलेला, गुजरातकडून खेळलेला हा भारतीय कर्णधार. 1962 च्या मार्चमध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला आणि कवटी फुटली. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेलनी रक्त दिले, सहकारी चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी यांनीही दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांचे कसोटी क्रिकेट संपले. 1998 मध्ये भारतीय क्रिकेटपटू रमण लांबा ढाक्याच्या क्लब सामन्यात हेल्मेटशिवाय फलंदाजाच्या पुढ्यात उभे असताना चेंडू लागून गेले. तिथे ते परदेशी व्यावसायिक म्हणून खेळत होते. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा घेण्याची मुभा आंतरराष्ट्रीय क्रिकेटने 2019 मध्ये दिली. कुस्ती आणि कबड्डी तर टकरीचेच खेळ. या सगळ्यावर आपल्याकडे हळहळ आहे, आठवणी आहेत, पण कामाच्या जागेवरचा अपघात म्हणून पाहिलेली एकही मोठी कलाकृती माझ्या माहितीत नाही.

आणि इथे सुरतेचा वाचक माझ्या दृष्टीने सगळ्यात जाणता वाचक आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या लूमवर, डाइंग-प्रिंटिंगच्या गिरण्यांत राबली. लूमवरच्या कामगाराला मीटरवर पैसे मिळतात, हिऱ्याच्या कारखान्यात नगावर. यंत्राच्या आवाजाने कान जातात, बारीक कामाने डोळे जातात, आणि काम गेले की त्या कानाडोळ्यांचा हिशेब कोणाच्याच वहीत नसतो. माल किती निघाला याची नोंद रोज होते, माणूस किती झिजला याची कधीच होत नाही. लवेच्या मानेवर लावलेला दहा लाख डॉलरचा बोनस आणि मीटरवरची मजुरी यांच्या रकमांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण दोन्हींची रीत एक: जितके शरीर घालाल तितके पैसे, आणि शरीर थांबले की पैसे थांबले. ज्याच्या घरात हे रोज घडते, त्याला एलियटची सकाळ समजावून सांगावी लागत नाही.

आपल्या भाषांत या नजरेचे काही अंकुर आहेत. 2018 च्या 'मुक्काबाज'मध्ये अनुराग कश्यप यांनी मुष्टियोद्ध्याला संघटनेच्या पदाधिकाऱ्याच्या घरी गहू निवडायला, मालिश करायला लावले आणि खेळातली गुलामी जातीशी जोडून दाखवली. नागराज मंजुळे यांनी 'झुंड'मध्ये नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला आणि पासपोर्टसाठी कागदपत्रे गोळा करण्याच्या त्यांच्या वणवणीवर चित्रपटाचा मोठा भाग खर्च केला. मैदानावर चेंडू मारता येतो, पण आपण कोण हे सिद्ध करणारा कागद नाही, हे दृश्य मला कोणत्याही अंतिम सामन्याहून थरारक वाटते. तरीही दोन्ही चित्रपट मैदानात पोचण्याच्या लढाईचे आहेत. पोचल्यानंतर शरीराचे काय होते, तिथून पुढचा चित्रपट अजून व्हायचा आहे, आणि तो मराठीत होऊ नये असे काहीच नाही. कुस्तीची तालीम, कबड्डीची लीग, पावसाळा सरला की गावोगाव भरणाऱ्या टेनिस बॉलच्या स्पर्धा आणि त्यांत रोख बोलीवर गावोगाव फिरणारे खेळाडू, इतका माल आपल्या अंगणात पडला आहे.

जाता जाता एक सुचवावेसे वाटते. हे चित्रपट पाहायला मिळाले, तर 'नॉर्थ डॅलस फॉर्टी'पासून सुरुवात करावी, 'कन्कशन' शेवटी ठेवावा. सामन्यांची दृश्ये नियम कळले नाहीत म्हणून सुटली तरी हरकत नाही. खेळाडू मैदानात उतरण्यापूर्वी ज्या खोलीत बसतात, पट्ट्या बांधतात, सुया टोचून घेतात, आणि डॉक्टर विचारतो कसे वाटते, त्या प्रत्येक दृश्यात उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याआधी हे पाहावे की त्या क्षणी खोलीत आणखी कोण उभे आहे आणि त्याचा पगार कोण देतो.